फाइल अर्धी बाकी असताना डीकोडर मधेच "एंड ऑफ फाइल" म्हणतो: एफएफएमपेगमधल्या रिकाम्या पॅकेटचा प्रॉब्लेम आणि उपाय

लक्षण साधारण असं असतं. तुम्ही एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररी वापरून काहीतरी लिहिलंय, प्लेअर असेल, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग असेल किंवा व्हिडिओतून फोटो काढणारं छोटं टूल असेल, व्हिडिओ चालू होतो, सुरुवातीला सगळं नीट, आणि मग फ्रेम यायच्याच बंद होतात. क्रॅश नाही, मेमरी वाढत नाही, एव्ही_रीड_फ्रेम अजूनही शून्यच परत देतंय म्हणजे फाइलमधून पॅकेट (कॉम्प्रेस केलेल्या डेटाचे तुकडे) येतायत, पण ती डीकोडरला, म्हणजे त्यातून फ्रेम उलगडणाऱ्या भागाला, देणारं एव्हीकोडेक_सेंड_पॅकेट मात्र प्रत्येक पॅकेटला उणे ५४१४७८७२५ देतंय. हा आकडा ओळखीचा करून घ्या, तो म्हणजे एव्हीएरर_ईओएफ, ई, ओ, एफ आणि एक स्पेस ही चार अक्षरं एका पूर्णांकात कोंबून त्याला उणे चिन्ह लावलंय. म्हणजे डीकोडर सांगतोय की स्ट्रीम संपली, आता मला काही देऊ नका.

आणि खरा वैताग इथे येतो की तीच फाइल एफएफएमपेगच्या कमांडने कन्व्हर्ट केली तर शेवटपर्यंत व्यवस्थित जाते. मग माणूस दोन दोन दिवस कोडेकच्या सेटिंग बदलत बसतो, थ्रेड कमी करून बघतो, लायब्ररी परत बिल्ड करतो, हार्डवेअर डीकोडिंग बंद करून बघतो. यातलं काही करायची गरज नसते. दहापैकी नऊ वेळा डीकोडरला मधेच कुठेतरी एक रिकामं पॅकेट गेलेलं असतं.

हा प्रॉब्लेम परत परत येतो कारण त्याचा जो उपाय सगळीकडे फिरतो तो अर्धवट आहे. "साइझ शून्य असेल तर पॅकेट टाकून द्या" एवढी एक ओळ लोक चिकटवतात, आजचा प्रॉब्लेम सुटतो आणि महिन्याभराने वेगळाच चालू होतो, शेवटच्या फ्रेम गायब किंवा फ्लॅक (दर्जा न घटवता ऑडिओ साठवणारा फॉरमॅट) फाइलचा कालावधीच दिसत नाही असं काहीतरी. माझं म्हणणं एवढंच आहे की शून्य साइझचं पॅकेट हा एकच प्रकार नाहीये, ते कुठून आलं आणि त्यात आणखी काय आहे हे बघूनच त्याचं काय करायचं ते ठरवा.

आधी आत काय होतं ते समजून घेऊ

एव्हीपॅकेट या स्ट्रक्चरमध्ये आपल्या कामाच्या तीन गोष्टी, डेटा म्हणजे पॉइंटर, साइझ म्हणजे बाइट किती, आणि साइड डेटा म्हणजे मूळ माहितीबरोबर येणारी जास्तीची माहिती. सेंड_पॅकेटचा नियम असा आहे की तुम्ही पॅकेटच्या जागी नल दिलं, किंवा पॅकेट दिलं पण त्यात डेटा नल आणि साइझ शून्य असेल, तर त्याचा अर्थ स्ट्रीम संपली. डीकोडर लगेच ड्रेनिंगमध्ये जातो, म्हणजे पोटात अडकलेल्या फ्रेम बाहेर काढून देतो आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक पॅकेटला ईओएफ सांगतो. हा एकेरी रस्ता आहे, आपणहून डीकोडर परत मूळ स्थितीत येत नाही, एव्हीकोडेक_फ्लश_बफर्स कॉल करेपर्यंत तो तसाच बसून राहतो. म्हणूनच एक, फक्त एक रिकामं पॅकेट गेलं तरी पुढची अख्खी फाइल वाया जाते.

तीन केस वेगवेगळ्या लक्षात ठेवा कारण तिन्हीत दिसणारं लक्षण वेगळं आहे. डेटा नल, साइझ शून्य, साइड डेटा पण नाही, हे झालं खरं रिकामं पॅकेट, याने ड्रेनिंग सुरू होतं. डेटाचा पॉइंटर आहे पण साइझ शून्य, याला सेंड_पॅकेट ईइनव्हॅल (चुकीचा इनपुट) देतो, लिनक्सवर उणे २२, डीकोडर बिघडत नाही फक्त तेवढं पॅकेट नाकारतो. आणि तिसरी केस, डेटा नाही पण साइड डेटा आहे, याला लायब्ररी रिकामं मानतच नाही. बिटस्ट्रीम फिल्टरच्या (डीकोड न करता पॅकेटमध्ये बदल करणारा भाग) एव्ही_बीएसएफ_सेंड_पॅकेटचा नियमही हाच आहे, डेटा नल आणि साइड डेटाची संख्या शून्य, दोन्ही असेल तरच शेवट.

मग कमांड का चालते? कारण कमांडच्या टूलमध्ये याची पळवाट आधीच लिहिलेली आहे. एफएफएमपेगच्या स्वतःच्या टेस्टमध्ये इंडिओ ३ या जुन्या इंटेलच्या कोडेकची एक टेस्ट आहे, तिच्यात फाइल संपायच्या आधीच शून्य साइझची पॅकेट येतात, आणि डीकोडिंगच्या कोडमध्ये तशी कॉमेंट लिहून ठेवलीये की हा बऱ्यापैकी गंभीर बग वाटतो, इथे ईओएफ लावू नका, पॅकेट सोडून द्या. म्हणजे टूल शून्य साइझचं पॅकेट डीकोडरपर्यंत जाऊच देत नाही. तुम्ही थेट लायब्ररी वापरता तेव्हा मधे हा पहारेकरी नसतो, ते काम तुमच्या कोडने करायचं असतं. त्यामुळे "कमांडने चालतंय म्हणजे फाइल चांगली आहे" हा निष्कर्ष काढू नका.

जुना कोड नव्या व्हर्जनवर आणला की हे जास्त दिसतं, त्याचंही कारण आहे. सेंड आणि रिसीव्हची ही जोडी २०१६ मध्ये ३.१ व्हर्जनला आली. त्याआधीचं एव्हीकोडेक_डीकोड_व्हिडिओ२ होतं, ते ५.० मध्ये म्हणजे २०२२ ला काढून टाकलं. ४ च्या व्हर्जनमध्ये जुन्या कॉलच्या मागे नवीनच मशिनरी चालायची पण ड्रेनिंगनंतर खरं पॅकेट आलं तर ती "गॉट अनएक्स्पेक्टेड पॅकेट आफ्टर ईओएफ" अशी वॉर्निंग देऊन डीकोडर स्वतःच फ्लश करून घ्यायची. तेव्हा काम चालून जायचं. तुमच्या जुन्या लॉगमध्ये ही ओळ असेल तर तो बग तेव्हापासून आहे, फक्त ५.० ला वर आल्यावर तो झाकणारं कोणी उरलं नाही.

रिकामं पॅकेट येतं कुठून

फाइल खराब असणं हे सगळ्यात कमी वेळा सापडणारं कारण आहे. बहुतेक वेळा आपलाच लूप रिकामं पॅकेट तयार करतो, म्हणून आधी आपला कोड तपासा.

पहिली जागा, एव्ही_रीड_फ्रेमचा रिटर्न न बघणं. हे फंक्शन फेल झालं की पॅकेट कोरं करून देतं, नुकतं अलोकेट केल्यासारखं. वेबकॅम किंवा कॅप्चर डिव्हाइस नॉन-ब्लॉकिंग मोडमध्ये असेल तर फ्रेम तयार नसताना ते ईअगेन (आत्ता नाही, परत प्रयत्न करा) देतं, लिनक्सवर उणे ११, मॅकवर उणे ३५ (म्हणून आकड्याशी तुलना करू नका, मॅक्रो वापरा). आता कोडमध्ये फक्त "ईओएफ आला का" एवढंच बघितलं असेल तर ईअगेन आल्यावर कोरं पॅकेट सरळ डीकोडरकडे जातं आणि खेळ संपला. फाइलवर टेस्ट केलेला कोड कॅमेऱ्यावर लावला की पहिल्या सेकंदातच बंद पडतो तो याच्यामुळे.

दुसरी जागा मला सगळ्यात फसवी वाटते. रेकॉर्डिंग आणि प्रिव्ह्यू एकाच वेळी. लोक पॅकेट वाचतात, एव्ही_इंटरलीव्हड_राइट_फ्रेमने फाइलमध्ये लिहितात, आणि मग तेच पॅकेट डीकोडरला देतात. पण इंटरलीव्हड_राइट_फ्रेम पॅकेटची मालकी स्वतःकडे घेतं आणि तुम्हाला परत मिळतं ते कोरं पॅकेट, लिहिताना एरर आली तरी कोरंच. म्हणजे रेकॉर्डिंग एकदम परफेक्ट, फाइल छान उघडते, आणि प्रिव्ह्यू मात्र काळा. इथे लोक डिस्प्लेचा कोड उचकटतात, रंगाचं कन्व्हर्जन तपासतात, आणि दोष असतो फक्त ओळींच्या क्रमात. आधी डीकोडरला द्या मग लिहा, किंवा एव्ही_पॅकेट_क्लोन करून एक प्रत लिहायला द्या. क्लोन रेफरन्स वाढवतो, मोठा डेटा कॉपी होत नाही, त्यामुळे वेगाची काळजी नको. साधं एव्ही_राइट_फ्रेम असं मालकी घेत नाही, म्हणून काहींचा कोड चालतो आणि काहींचा नाही.

तिसरी जागा, सेंड_पॅकेटने दिलेला ईअगेन. याचा अर्थ डीकोडरचं पोट भरलंय, आधी रिसीव्ह_फ्रेम करून जागा करा आणि मग हेच पॅकेट परत पाठवा. कोडमध्ये सेंडच्या लगेच खाली अनरेफ (पॅकेट सोडून ते कोरं करणं) लिहिलेलं असतं, मग फ्रेम काढतात, मग तेच व्हेरिएबल परत पाठवतात, आणि त्यात आता काहीच नसतं. नशीब चांगलं असेल तर हे दोन तास होत नाही कारण बहुतेक डीकोडर प्रत्येक पॅकेटनंतर फ्रेम काढून घेतल्या तर ईअगेन देतच नाहीत, पण ज्या दिवशी देतात त्या दिवशी बंद. अनरेफ नेहमी पॅकेट खरंच स्वीकारलं गेल्यावर करा.

थ्रेड आणि क्यू वापरत असाल तर टाइमआउट झाल्यावर क्यूमधून काय परत येतं तेही बघा. बऱ्याच क्यूच्या कोडमध्ये काही मिळालं नाही तर डीफॉल्ट म्हणजे कोरं पॅकेट परत येतं, आणि ते घेणारा थ्रेड बिचारा ते डीकोडरला देतो. एफएफप्ले या एफएफएमपेगच्याच प्लेअरचा कोड या बाबतीत वाचण्यासारखा आहे, तिथे फाइल संपली की प्रत्येक स्ट्रीमच्या क्यूमध्ये मुद्दाम एक नल पॅकेट टाकतात, आणि सीक (फाइलमध्ये पुढे-मागे उडी) झालं की क्यूचा सिरियल नंबर वाढतो, तो बदललेला दिसला की डीकोडर फ्लश होतो. म्हणजे "संपलं" हा निरोप जाणूनबुजून पाठवलेला असतो, चुकून गेलेला नसतो.

जुन्या कोडमध्ये एव्ही_इनिट_पॅकेट दिसलं तर तेही काढा. ते डेटा आणि साइझ या दोन फील्डना हातच लावत नाही, त्या वेगळ्या सेट कराव्या लागतात, आणि ज्यांनी केल्या नाहीत त्यांच्या पॅकेटमध्ये स्टॅकवरचा कचरा असतो, कधी शून्य, कधी काहीही. ४.४ पासून ते डेप्रिकेटेड आहे. एव्ही_पॅकेट_अलोक वापरा.

स्वतःचं नेटवर्क प्रोटोकॉल लिहिलेल्यांसाठी एक वेगळं. हेडरमध्ये लांबी शून्य आली, तुम्ही बफर अलोकेट केला, पॉइंटर आहे पण साइझ शून्य, तर वर सांगितलेली ईइनव्हॅलची केस होते. अशी किप-अलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारी) पॅकेट तुमच्या रिसीव्हरमध्येच अडवा, एव्हीपॅकेट बनवूच नका. आणि कस्टम रीड कॉलबॅक दिला असेल, तर डेटा नसताना त्यातून शून्य परत देऊ नका, लायब्ररी "इनव्हॅलिड रिटर्न व्हॅल्यू ० फॉर स्ट्रीम प्रोटोकॉल" अशी वॉर्निंग देते आणि ते ईओएफच धरते. डेटा यायचा असेल तर थांबा, संपला असेल तर स्वतः ईओएफ द्या.

आता खरोखर फाइलमध्ये रिकामे तुकडे असणं. एव्हीआय मध्ये हे अगदी नॉर्मल आहे. कॅप्चर करताना फ्रेम सुटली की शून्य बाइटचा चंक लिहायचा आणि त्याचा अर्थ "आधीचीच फ्रेम परत दाखवा", ही विंडोजच्या कॅप्चर प्रोग्रामची जुनी पद्धत. इतकंच नाही, एफएफएमपेगचा एव्हीआय मक्सरसुद्धा (पॅकेट फाइलमध्ये लिहिणारा भाग) टाइमस्टॅम्पमध्ये खाच पडली तर ती रिकाम्या पॅकेटने भरून काढतो, कारण एव्हीआय मध्ये प्रत्येक फ्रेमला स्वतःचा टाइमस्टॅम्प नसतो, फ्रेमचा क्रमांक हाच वेळ. मोबाइलवरचं स्क्रीन रेकॉर्डिंग, ज्यात फ्रेमरेट कमीजास्त होत असतो, ते नुसतं कॉपी करून एव्हीआय मध्ये टाकलं की अशी पॅकेट भरपूर मिळतात. ही फाइल खराब नाही, तिला दोष देऊ नका.

कसं शोधायचं

सेंड_पॅकेटच्या अगदी वरच्या ओळीला एक लॉग टाका. स्ट्रीम इंडेक्स, डीटीएस (पॅकेट डीकोड करायची वेळ), साइझ, डेटा नल आहे का, साइड डेटा किती, आणि त्याआधीच्या रीड_फ्रेमचा रिटर्न. एवढ्या सहा गोष्टी एका ओळीत. मग पहिल्यांदा ईओएफ कुठे आला ते शोधा आणि त्याच्या आधीची ओळ बघा, नंतरच्या हजार ओळींमध्ये काही नसतं. रिटर्न ऋण असेल तर पहिली जागा, रिटर्न शून्य पण साइझ शून्य आणि डीटीएस पण गायब असेल तर बहुतेक पॅकेट आपणच मधे कुठेतरी रिकामं केलंय, आणि डीटीएस व्यवस्थित पण साइझ शून्य असेल तर ते फाइलमधूनच आलंय. ही शेवटची खूण डोळे झाकून धरू नका, काही डीमक्सर (फाइलमधून पॅकेट वाचणारे भाग) टाइमस्टॅम्प देत नाहीत, पण सुरुवात करायला पुरते.

फाइलवर संशय असेल तर एफएफप्रोब या एफएफएमपेगच्या फाइल तपासायच्या टूलला शो पॅकेट्स सांगा, फक्त व्हिडिओ स्ट्रीम निवडा, पॅकेटमधले पीटीएस टाइम (फ्रेम दाखवायची वेळ), साइझ आणि फ्लॅग्ज एवढेच कॉलम मागवा, आउटपुट सीएसव्ही घ्या आणि साइझच्या कॉलमवर सॉर्ट करा. शून्याच्या ओळी वर येतात. इथे एक गोची आहे. ज्या स्ट्रीमला पार्सर (डेटा फ्रेमनुसार वेगळा करणारा भाग) लागतो तिथे शून्य साइझचं पॅकेट पार्सरच गिळून टाकतो, एफएफप्रोबमध्ये ते दिसतच नाही, आणि तुमच्या प्रोग्राममध्येही येत नाही. मूळ फाइलमध्ये खरंच काय आहे ते बघायचं तर एफफ्लॅग्जमध्ये नोफिलइन आणि नोपार्स दोन्ही द्या, नोपार्स एकटं देऊन चालत नाही.

फार छोटी पॅकेट दिसली तर ती रिकामी समजू नका. एमपी४ मधल्या टेक्स्ट सबटायटलमध्ये दोन संवादांच्या मधल्या शांततेसाठी २ बाइटचं पॅकेट असतं, त्यात "मजकुराची लांबी शून्य" एवढंच लिहिलेलं, ते काढलं तर आधीचा संवाद स्क्रीनवर तसाच लटकून राहतो. जुन्या डिव्हएक्स एव्हीआय मध्ये दोन फ्रेम एका चंकमध्ये कोंबून पुढच्या चंकमध्ये काही बाइटची नावापुरती फ्रेम ठेवायची पद्धत होती, पॅक्ड बी-फ्रेम म्हणतात त्याला (बी-फ्रेम म्हणजे मागच्या-पुढच्या फ्रेमवर अवलंबून असलेली फ्रेम), आणि त्यासाठी एमपेग४_अनपॅक_बीफ्रेम्स नावाचा बिटस्ट्रीम फिल्टर आहे. म्हणून "१० बाइटपेक्षा लहान ते फेका" असले नियम कृपा करून लिहू नका.

दुरुस्ती

लूपचा क्रम असा ठेवा. रीड_फ्रेमचा रिटर्न आधी बघा. ईअगेन असेल तर थोडं थांबून परत वाचा, डीकोडरला काही देऊ नका. ईओएफ असेल तर एक फ्लॅग लावा आणि लूपमधून बाहेर पडा. दुसरी कुठलीही एरर असेल, समजा नेटवर्क तुटलं, तर ती वेगळी हाताळा, परत जोडायचं की थांबायचं हे तुमच्या ॲपवर आहे, पण एरर आली म्हणून कोरं पॅकेट पुढे जाता कामा नये.

रिटर्न शून्य असेल तर पॅकेट बघा. साइझ शून्य आणि साइड डेटाही शून्य असेल तर लॉग करा, अनरेफ करा, पुढचं वाचा. लॉग करा हे मुद्दाम सांगतोय, कारण गुपचूप टाकून दिलेलं पॅकेट पुढे ऑडिओ-व्हिडिओ मागेपुढे झाल्यावर कुणालाच आठवत नाही. साइड डेटा असेल तर ते पुढे जाऊ द्या.

टाकून दिल्यावर वेळेचं काय? तुम्ही फ्रेमचा वेळ त्याच्या पीटीएसवरून घेत असाल तर काही बिघडत नाही, आधीची फ्रेम थोडी जास्त वेळ दिसते आणि एव्हीआय मध्ये नेमकं तेच अपेक्षित असतं. पण फ्रेम मोजून वेळ काढत असाल, म्हणजे २५ ने भागून सेकंद वगैरे, तर प्रत्येक टाकलेल्या पॅकेटमागे व्हिडिओ ४० मिलीसेकंद पुढे सरकतो आणि तासाभराच्या फाइलमध्ये ओठ आणि आवाज यांचा काही संबंध राहत नाही. तिथे आधीची फ्रेम परत एकदा आउटपुटला द्यावी लागते. सीसीटीव्हीच्या फुटेजमध्ये हे फार महत्त्वाचं आहे, अशा रेकॉर्डिंगमध्ये कुठली घटना किती वाजता हे कुणीतरी त्यावरून ठरवणार असतं, तिथे फ्रेम मोजून वेळ काढूच नका.

आणि शेवटी, खरा शेवट. लूप संपल्यावर प्रत्येक डीकोडरला एकदा नल पाठवा आणि रिसीव्ह_फ्रेम ईओएफ देईपर्यंत फ्रेम काढत राहा. हा भाग "रिकामं पॅकेट वाईट" या धास्तीने लोक उडवून टाकतात आणि मग शेवटच्या फ्रेम हरवतात. बी-फ्रेम असतील तर डीकोडर काही फ्रेम धरून ठेवतोच, त्यात फ्रेम-थ्रेडिंग चालू असेल तर जितके थ्रेड त्याहून एक कमी इतक्या फ्रेम आणखी अडकलेल्या असतात, १६ थ्रेडच्या मशीनवर १५. एनकोडरचं तर यापेक्षा जास्त, एक्स२६४ या एच.२६४ एनकोडरचा लुकअहेड (पुढच्या फ्रेम आधी बघून ठेवणं) डीफॉल्टला ४० फ्रेमचा आहे, सेंड_फ्रेमला नल दिलं नाही तर व्हिडिओचा दीड-एक सेकंद सरळ गायब. छोट्या क्लिपमध्ये तर आउटपुट रिकामीच येते आणि लोक म्हणतात एनकोडर चालत नाही.

चुकून ड्रेनिंग झालंच आणि प्रोग्राम बंद करायचा नाहीये, लाइव्ह कॅमेरा आहे, तर एव्हीकोडेक_फ्लश_बफर्स करा आणि पुढची कीफ्रेम (दुसऱ्या फ्रेमशिवाय पूर्ण उलगडणारी फ्रेम) येईपर्यंत पॅकेट सोडून द्या, नाहीतर चित्र चौकोनी ठिगळांचं दिसेल. हा तात्पुरता उपाय आहे, याच्यावर थांबू नका, कारण प्रत्येक वेळी कीफ्रेमपर्यंतचं रेकॉर्डिंग जातंय.

फ्लॅकची केस

हे वेगळं लिहितोय कारण "साइझ शून्य तर टाका" हा नियम इथे सगळ्यात जास्त नुकसान करतो आणि लक्षातही येत नाही. फ्लॅक फाइलच्या सुरुवातीला स्ट्रीमइन्फो नावाचा ३४ बाइटचा भाग असतो, त्यात एकूण सॅम्पल किती आणि मूळ ऑडिओचा एमडी५ (त्याच्यावरून काढलेली तपासणीची खूण) लिहिलेला असतो. या दोन्ही गोष्टी सगळा ऑडिओ एनकोड झाल्याशिवाय कळूच शकत नाहीत. म्हणून एफएफएमपेगचा फ्लॅक एनकोडर ड्रेन करताना अगदी शेवटी एक पॅकेट देतो ज्यात ऑडिओ काहीच नसतो, साइझ शून्य, पण साइड डेटामध्ये नवीन एक्स्ट्राडेटा म्हणून पूर्ण झालेला स्ट्रीमइन्फो असतो. मक्सर तो घेतो आणि ट्रेलर लिहिताना मागे जाऊन हेडर दुरुस्त करतो.

तुमच्या लूपने ते पॅकेट टाकलं तर फाइल तयार होते, वाजतेही, आवाजात काही फरक नाही. फक्त एकूण सॅम्पलच्या जागी शून्य राहतो, म्हणजे "माहीत नाही", प्लेअरला कालावधी नीट दाखवता येत नाही, आणि एमडी५ नसल्यामुळे अख्खा ऑडिओ मूळ ऑडिओशी जुळतो का हे पुढे त्यावरून तपासता येत नाही. जुन्या कॅसेट, घरातल्या आजीच्या ओव्यांची रेकॉर्डिंग, भजनी मंडळाच्या टेप कुणी डिजिटाइझ करून फ्लॅकमध्ये ठेवत असेल तर ती तपासणी हाच फ्लॅक निवडण्याचा अर्धा मुद्दा असतो. म्हणून एनकोडरच्या बाजूला साइझ बघून काहीही टाकू नका, एनकोडर जे देतो ते सगळं मक्सरला द्या, काय ठेवायचं ते मक्सरला कळतं. एमपी४ चा मक्सर सुद्धा आधी साइड डेटा वाचतो आणि मगच शून्य साइझचं पॅकेट सोडून देतो.

पायथॉन आणि बाकीच्या ठिकाणी

पायएव्ही, म्हणजे एफएफएमपेग पायथॉनमधून वापरायची लायब्ररी, वापरणाऱ्यांनी एक बघा. तिथे डीमक्स फंक्शन फाइल संपली की स्वतःहून रिकामी फ्लश पॅकेट देतं. नुसतं रीमक्स (डीकोड न करता पॅकेट दुसऱ्या फाइलमध्ये टाकणं) करायचं असेल तर ती सोडायची, डॉक्युमेंटेशनमधल्या उदाहरणात "डीटीएस नन असेल तर पुढे जा" असं आहे ते त्यासाठीच. तीच ओळ डीकोडिंगच्या कोडमध्ये कॉपी केली की शेवटच्या फ्रेम हरवतात, कारण तिथे ती पॅकेट डीकोडरला द्यायचीच असतात. आणि कच्च्या एच.२६४ फाइलमध्ये चांगल्या पॅकेटचाही डीटीएस नन असू शकतो, त्यामुळे रीमक्स करतानाही डीटीएसपेक्षा साइझ तपासलेली बरी.

दुसऱ्या लायब्ररीतून इकडे आलेल्यांचा गोंधळ जास्त होतो कारण प्रत्येक ठिकाणी रिकाम्याचा अर्थ वेगळा आहे. ओपस या ऑडिओ कोडेकच्या डीकोडरला डेटा नल दिला तर तो समजतो की पॅकेट वाटेत हरवलं, आणि आधीच्या आवाजावरून अंदाजाने ती जागा भरतो, तिथे शेवट वगैरे काही नाही. अँड्रॉइडच्या मीडियाकोडेकमध्ये शेवट सांगायला वेगळा फ्लॅग आहे, बफर रिकामा असला तरी फ्लॅगशिवाय तो शेवट होत नाही. जीस्ट्रीमरमध्ये शेवटासाठी ईओएस इव्हेंट आणि मोकळ्या जागेसाठी गॅप इव्हेंट, दोन्ही वेगळे. माझ्या मते या दोघांची पद्धत जास्त बरी आहे, निरोप आणि माल वेगवेगळे ठेवलेत. एफएफएमपेगमध्ये तसं नाही, त्यामुळे तुमच्या कोडमध्ये तरी ते वेगळं करा, स्वतःच्या क्यूमध्ये पॅकेटबरोबर एक प्रकार ठेवा, माल, शेवट, किंवा सीक झालं, आणि डीकोडरला नल फक्त "शेवट" आला तरच द्या. हा एक बदल केला की वरच्या अर्ध्या अडचणी येतच नाहीत.

दुरुस्ती झाली का ते बघायला खराब फाइल शोधत फिरायची गरज नाही. डीबग बिल्डमध्ये असा एक स्विच ठेवा की दर ५० पॅकेटनंतर डीमक्सरने दिल्यासारखं एक कोरं पॅकेट तुमच्याच लूपमध्ये घुसवायचं, आणि अधूनमधून रीड_फ्रेमच्या जागी ईअगेन परत द्यायचा. तीच फाइल स्विच बंद ठेवून आणि चालू ठेवून चालवा. फ्रेमची संख्या दोन्ही वेळा सारखी आली पाहिजे, शेवटच्या फ्रेमचा पीटीएस सारखा आला पाहिजे, आणि एफएफप्रोबला काउंट फ्रेम्स सांगून जो आकडा येतो त्याच्याशीही जुळला पाहिजे. फ्लॅक लिहीत असाल तर तयार फाइलचा एमडी५ सगळा शून्य नाही ना तेही त्याच टेस्टमध्ये घाला. एखादी फ्रेम जरी कमी आली तरी आधी ड्रेनचा भाग बघा, मग ईअगेननंतरचं अनरेफ.